घरच्या जिन्यात मायक्रोग्रॅव्हिटी कशी करायची (पाण्याचे प्रयोग)

मायक्रोग्रॅव्हिटी, म्हणजे वजन जवळपास नसल्याची अवस्था, म्हटलं की सगळ्यांना स्पेस स्टेशनच आठवतं, २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी तिथून तरंगता पाण्याचा गोळा दाखवला तो व्हिडिओ तर प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरून गेला. पण तिथे काही गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, चारशे किलोमीटर वर ते जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतंच, फक्त स्टेशन आणि आतलं सगळं एकत्र पडत असतं म्हणून आतल्या पाण्याला वजन उरत नाही. म्हणजे तुम्ही एखादा डबा जिन्यातून सोडलात तर डब्यातल्या पाण्याची तीच अवस्था होते, पडतंय तोपर्यंत. बाटलीला खाली भोक पाडायचं, पाणी वाहायला लागलं की बाटली सोडून द्यायची, पडताना धार बंद होते, हे शाळेत बघितलं असेल. ते मस्तच आहे पण त्यात मोजण्यासारखं काही नाही. इथे सांगतोय तो प्रयोग त्याच्या पुढचा, नववी-दहावीची पोरं एका शिक्षकासोबत करू शकतील आणि इंजिनिअरिंगवाल्यांना प्रोजेक्ट म्हणूनही चालेल.

सगळ्यात आधी सेकंद मोजा, भांडं मग ठरवा. बहुतेक जण उलटं करतात, घरातली छान काचेची बरणी उचलतात आणि मग विचारतात की पाणी नुसतं डुचमळलं, दुसरं काहीच झालं नाही, असं का. एक मीटरवरून पडायला ०.४५ सेकंद लागतात, दोन मीटरला ०.६४, तीन मीटरला ०.७८. उंची तिप्पट केली तरी वेळ दुप्पटसुद्धा होत नाही, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून टाकू वगैरे डोक्यातून काढून टाका, मिळतं थोडं आणि मोडतं खूप. माझ्या मते दोन ते तीन मीटर बास.

आता पाण्याला किती वेळ लागतो ते बघू. वजन गेलं की पाण्यावर राज्य चालतं सरफेस टेन्शनचं, म्हणजे पृष्ठताणाचं, आणि ते सपाट पृष्ठभागाला वाकवून नवीन आकार द्यायला जो वेळ घेतं त्याचा एक सोपा अंदाज आहे: घनता गुणिले भांड्याच्या त्रिज्येचा घन, भागिले सरफेस टेन्शन, आणि सगळ्याचं वर्गमूळ. पाण्यासाठी त्रिज्या १ सेमी घेतली तर हे ०.१२ सेकंद येतं. त्रिज्या अडीच सेमी, म्हणजे आपली नेहमीची लोणच्याची छोटी बरणी, तर ०.४७ सेकंद. आणि एवढ्यात फक्त सुरुवात होते, पूर्ण आकार यायला याच्या चार-पाच पट वेळ द्यावा लागतो. म्हणून दोन मीटरच्या ड्रॉपमध्ये जे बघायचंय त्याची त्रिज्या १ सेमीच्या आत ठेवायची.

पहिला प्रयोग म्हणून मी सगळ्यांना नळीचाच सांगतो. याला इतिहास पण आहे, १९६२ मध्ये नासाच्या स्कॉट कार्पेंटर यांच्या मर्क्युरी यानात काचेचा एक गोळा पाठवला होता, आत रंगीत द्रव आणि मध्ये उभी नळी, आणि बघायचं हे होतं की वजन नसताना द्रव नळीत जाऊन बसतो का. बसला. रॉकेटच्या टाकीत इंधन कुठेही तरंगत राहिलं तर इंजिन परत सुरू करताना पाइपात इंधनाच्या जागी गॅस जाईल, म्हणून त्यांना ते हवं होतं. आपण त्याचाच गरिबांचा अवतार बनवायचा.

लागेल ते असं: आतून १२ मिमी व्यासाची काचेची नळी, साधारण १२ सेमी लांब, दोन्ही तोंडं उघडी. सायन्स लॅबचं सामान विकणाऱ्याकडे मिळते, तोच कापूनही देतो, कडा आचेवर गोल करून घ्या नाहीतर बोट कापेल. प्लास्टिकची नळी चालणार नाही, त्यावर पाणी नीट पसरत नाही. ५ सेमी रुंद, सरळ भिंतींची आणि झाकणाची पारदर्शक बरणी, नळीपेक्षा थोडी उंच. नळी बरणीच्या तळापासून ५ मिमी वर राहील आणि वरचं तोंड झाकणाला टेकणार नाही अशी उभी बसवायची, खाली एम-सीलच्या तीन छोट्या गोळ्यांवर टेकवली तरी होतं. वरची फट विसरलात तर आतली हवा कुठे जाणार, पाणी चढणारच नाही. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, तीन सेमी उंचीपर्यंत, आणि खाण्याच्या रंगाचा एकच थेंब.

काचेच्या स्वच्छतेत कंजूषी नको. नळी भांड्याच्या साबणाने घासायची आणि मग भरपूर, अगदी कंटाळा येईपर्यंत पाण्याने धुवायची, कारण साबणाचा अंश राहिला तर पाण्याचं सरफेस टेन्शन निम्म्याखाली येतं आणि तुमचा सगळा हिशोब गेला. शेवटी डिस्टिल्ड वॉटर. तपासायची पद्धत सोपी आहे, नळी उभी धरली की आत पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे, तो फाटून थेंब थेंब झाले तर काच अजून तेलकट आहे, परत धुवा. नंतर आतल्या बाजूला बोट लावायचं नाही.

हे टेबलावर ठेवाल तेव्हा नळीतलं पाणी बाहेरच्यापेक्षा फार फार तर २.४ मिमी वर दिसेल, नीट बघितलं नाही तर कळणारही नाही. सोडल्यावर मात्र तेच पाणी नळीत सरसर वर जातं. साधा हिशोब केला तर १२ मिमीच्या नळीत वेग सेकंदाला १५ सेमीच्या आसपास येतो, प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतो कारण खालून पाणी आत ओढायलाही जोर लागतो आणि सुरुवातीला थोडा वेळ जातो. तरी पाऊण सेकंदात काही सेंटिमीटर म्हणजे व्हिडिओत ठसठशीत दिसतं. आणि गंमत म्हणजे बारीक नळीत वेग वाढतो, ३ मिमीच्या नळीत हिशोबाने दुप्पट. अशा दोन-तीन वेगवेगळ्या नळ्या घेऊन तुलना केलीत की प्रोजेक्ट झालाच म्हणायचा.

आता डबा, म्हणजे खरं काम. बरणी आणि कॅमेरा दोन्ही एकत्र पडले पाहिजेत, बाहेरून शूट करून काही हाती लागत नाही. प्लायचा ३० बाय २० सेमीचा तुकडा घ्या, एका टोकाला बरणी, दुसऱ्या टोकाला फोन, मध्ये १५-२० सेमी अंतर म्हणजे फोकस बसतो. बरणीच्या मागे बटर पेपर आणि त्यामागे बॅटरीवर चालणारी एलईडी पट्टी. चार्जिंगची एलईडी असेल तर फुल ब्राइटनेसवर ठेवा, मंद केली की ती फडफडते आणि स्लो मोशनमध्ये काळे पट्टे येतात. सगळं वेल्क्रो आणि केबल टायने आवळून बांधा, फेविक्विकच्या भरवशावर फोन ठेवू नका. याला आतला डबा म्हणू.

हाच नुसता सोडला तर? इथे बरेच प्रोजेक्ट फसतात. समजा डबा २ किलोचा आणि खालून ३० बाय ३० सेमीचा, दोन मीटर पडेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर होतो आणि हवेचा विरोध त्याला शेवटी शेवटी ०.१ जी (एक जी म्हणजे जमिनीवरचं गुरुत्वाकर्षण) इतका वर ढकलत असतो. म्हणजे आत शून्य नाही, दहावा हिस्सा गुरुत्वाकर्षण परत आलेलं असतं. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, पण आपल्या नळीत ०.१ जी ला पाणी हिशोबाने २.४ सेमीलाच थांबायला बघतं. तुम्हाला वाटणार प्रयोग झाला, आणि तुम्ही मोजलाय हवेचा विरोध!

उपाय म्हणजे डब्यात डबा. अमेरिकेत क्लीव्हलँडला नासाच्या ग्लेन सेंटरमध्ये २.२ सेकंदांचा ड्रॉप टॉवर, म्हणजे प्रयोग वरून सोडायचा मनोरा, आहे, तिथेही हेच करतात, बाहेरचं कवच हवेशी मारामारी करतं आणि आतला प्रयोग त्या कवचाच्या आत सुटा पडतो. पूर्ण २४ मीटर पडेपर्यंत आतला डबा कवचाच्या मानाने फक्त १९-२० सेमी खाली सरकतो. आपल्या तीन मीटरला, बाहेरचा डबा ५ किलोचा आणि खालून ४० बाय ३० सेमीचा धरला तर हे सरकणं चार-पाच सेमी येतं, तुम्ही दहा सोडा. बाजूंनीही तीन-चार सेमी मोकळं हवं, आतला डबा भिंतीला घासला की संपलं. बाहेरच्या डब्यासाठी कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा बॉक्स छान पडतो, तळाशी वाळूची पिशवी घट्ट बांधा, वजनही वाढतं आणि डबा कलंडत नाही. वाळूवर १० सेमी फोम, कारण आतला डबा शेवटी त्यावरच आपटणार आहे. दहा सेमीची मोकळी जागा ही फोमच्या वर मोजायची, फोम धरून नाही.

टांगायचं असं की आतल्या डब्याची दोरी बाहेरच्या झाकणातल्या भोकातून वर येईल आणि बाहेरच्या डब्याच्या चारही दोऱ्यांबरोबर एकाच कडीत जाईल. कडी सुटली की दोघं एकदम सुटतात. दोरी न ताणणारी हवी, बारीक बाइंडिंग तार उत्तम. नायलॉन नको, ती ताणलेली असते आणि सुटताक्षणी डब्याला वर झटका देते, पहिला दशांश सेकंद त्यातच जातो (आणि नायलॉन मांजा तर नकोच, तो मुळात बंदीचा माल). आतला डबा बरोबर मध्यावर टांगलेला हवा, फोनच्या बाजूला कललेला असेल तर बाजूला वजन लावून सरळ करा, कारण तिरका सुटला तर पाणी आधीच एका बाजूला डुचमळत असतं.

कडी सोडायला दोन रस्ते. स्वस्त रस्ता म्हणजे कडी सुतळीने टांगायची आणि सुतळी मेणबत्तीने जाळायची, कात्रीने कापू नका, कात्रीचा धक्का बसतो. चांगला रस्ता म्हणजे ऑफिसच्या दाराला लावतात ते १२ व्होल्टचं मॅग्नेटिक लॉक, साठ किलोवालं आपल्या कामाला पुष्कळ झालं, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. त्याच्या लोखंडी पट्टीवर सेलोटेपचा एक थर चिकटवा, नाहीतर करंट बंद केल्यावरही उरलेल्या चुंबकत्वाने ती क्षणभर चिकटून राहते आणि एका बाजूने आधी सुटते. लॉक वर छताच्या हुकाला किंवा दोन जिन्यांमध्ये आडव्या टाकलेल्या मजबूत बांबूला.

जागेचं आधीच सांगतो, बाल्कनीतून किंवा गच्चीच्या कठड्यावरून असलं काही करायचं नाही. जिन्याच्या मधली मोकळी जागा किंवा शाळेचा हॉल, खाली एक माणूस पहाऱ्याला, तोही लांब उभा. सोडताना मोठ्याने मोजायचं. मॅग्नेट असेल तर लाइट गेली की डबा पडणार हे लक्षात ठेवून कोणी खाली हात घालायचा नाही.

लँडिंगचं गणित एका ओळीचं आहे: पडण्याची उंची भागिले थांबायचं अंतर. तीन मीटर पडून ३० सेमीत थांबला तर सरासरी दहा जीच्या आसपास धक्का, फोन तो सहन करतो. तेच ३ सेमीत थांबला तर शंभर, मग स्क्रीनचे पैसे बाजूला काढून ठेवा. जुनी गादी दुमडून चालते पण डबा उसळतो. माझी पसंती थर्माकोलच्या दाण्यांना, बीन बॅगमध्ये भरतात ते, मोठ्या पोत्यात सैल भरून. जर्मनीत ब्रेमेनच्या टॉवरमध्ये एवढी महागडी कॅप्सूल ११० मीटर पडून शेवटी थर्माकोलच्या दाण्यांतच घुसते, तेव्हा आपल्याला लाजायचं कारण नाही.

फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर ०.७८ सेकंदात १८७ फ्रेम मिळतात, भरपूर झाल्या. काही स्वस्त फोन नुसतंच २४० लिहितात आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतात, ते ओळखायला आधी स्टॉपवॉचचा व्हिडिओ घेऊन बघा. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. स्टॅबिलायझेशन बंद करता येत असेल तर बंदच करा, कारण फोनमधली लेन्सही स्प्रिंगवर बसलेली असते आणि वजन गेलं की तीही हलते, मग पाणी हललं की लेन्स हलली तेच कळत नाही. म्हणून बरणीवर दोन काळ्या खुणा मार्करने कराव्या, बरोबर ५ सेमी अंतरावर, मोजायलाही उपयोगी आणि लेन्स हलली तर खुणाही हललेल्या दिसतात.

दुसरा जुना फोन असेल तर तोही आतल्या डब्यात टाका आणि त्यावर फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप चालवा, आखेन विद्यापीठाचं आहे, फोनच्या अ‍ॅक्सिलरोमीटरचा ग्राफ काढून देतं. टांगलेलं असताना ९.८ दाखवणार, सुटल्यावर एकदम खाली येऊन शून्याजवळ चिकटणार, मग आपटल्याचा सुळका. मधला भाग सपाट असेल तर डबा चांगला जमलाय. हळूहळू वर चढत असेल तर हवा कुठूनतरी आतल्या डब्याला लागतेय किंवा तो बाहेरच्याला टेकलाय. मला विचाराल तर आधी पाण्याशिवाय नुसता हा ग्राफ सुधारत बसा, तो नीट आल्यावरच बरणी ठेवा.

टांगल्यावर पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं, चांगली काही मिनिटं. घाई करणारी पोरं इथे हरतात. प्रत्येक ड्रॉपच्या आधी नळी आतून ओली होती की कोरडी ते वहीत लिहा, कारण ओल्या काचेवर पाणी जास्त पटकन चढतं आणि दुसऱ्या ड्रॉपला नळी आपोआप ओलीच असते. एक तर दर वेळी कोरडी करा नाहीतर दर वेळी ओली.

व्हिडिओ कॉम्प्युटरवर ट्रॅकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, ५ सेमीच्या खुणांवरून माप द्या, आणि पाण्याचा वरचा काठ नव्हे, मधला खोलगट बिंदू फ्रेमागणिक टिपत जा. सुटण्याचा क्षण फायफॉक्सवरून ठरवण्यापेक्षा व्हिडिओतच बघा, तारा सैल पडतात ती फ्रेम.

नळी जमली की कोपऱ्याकडे वळा, माझ्या दृष्टीने खरी मजा तिथे आहे. दोन अरुंद काचपट्ट्या घ्यायच्या, मायक्रोस्कोपच्या स्लाइड चालतात, पुस्तक अर्धवट उघडल्यासारख्या व्ही आकारात उभ्या जोडायच्या आणि खालचं टोक पाण्यात. कॉनकस आणि फिन या दोन गणितज्ञांनी १९६९ मध्ये दाखवलं की वजन नसताना द्रव कोपऱ्यातून चढत जाणार की नाही हे फक्त दोन कोनांवर ठरतं: द्रवाचा त्या पदार्थाशी असलेला स्पर्शकोन (द्रवाचा पृष्ठभाग त्या पदार्थाला ज्या कोनात टेकतो तो), आणि कोपऱ्याच्या कोनाचा अर्धा भाग. दोन्हींची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी असेल तर तो चढतच राहतो, जिथवर द्रव आणि कोपरा आहे तिथवर. जास्त असेल तर ठराविक जागी थांबतो. म्हणजे स्वच्छ काच आणि पाणी, स्पर्शकोन अगदी लहान, ६० अंशांच्या कोपऱ्यात झरझर चढेल. तोच आकार अ‍ॅक्रिलिकचा केला, जिथे पाण्याचा स्पर्शकोन सत्तरच्या घरात असतो, तर ७० अधिक ३० म्हणजे शंभर, नाही चढणार. ४० अंशांपेक्षा अरुंद कोपरा केला तर परत चढायला हवं. ड्रॉपच्या आधी उत्तर लिहून ठेवायचं आणि मग सोडायचं, परीक्षकांना हे फार आवडतं आणि आवडायलाच पाहिजे.

अ‍ॅक्रिलिकचं लेझर कटिंग आणि जोडणी दुकानातच करून घ्या, ते क्लोरोफॉर्मने जोडतात, घरी ते नको. लेझरने कापलेली कड स्पिरिटने पुसू नका, बारीक भेगा पडतात, साबणाचं पाणी बास. अ‍ॅक्रिलिकमध्ये सगळं हमखास चढवायचं असेल तर पातळ सिलिकॉन ऑइल घ्या, ते जवळपास कशावरही पसरतं. पण त्याचं सरफेस टेन्शन पाण्याच्या पावपटीच्या जरा वर, त्यामुळे ते हळू, १ सेमीला ०.१२ च्या जागी ०.२१ सेकंद, आणि खाण्याचा रंग त्यात विरघळत नाही, तेलात विरघळणारा डाय लागतो. खोबरेल तेल कोणीतरी सुचवणारच, ते फार घट्ट आहे आणि थंडीत तर गोठतं.

कोपऱ्यातल्या चढाईचा ग्राफ काढताना अंतराचा वर्ग आणि वेळ असा काढा. सुरुवातीच्या काही फ्रेम सोडल्या तर सरळ रेषेकडे जायला हवा, कारण कोपऱ्यातला प्रवाह वेळेच्या वर्गमुळाने पुढे जातो. ही थिअरी मांडणाऱ्यांपैकी मार्क वाइस्लोगेल पुढे अमेरिकेत पोर्टलंडच्या विद्यापीठात होते, आणि तिथल्या २.१ सेकंदांच्या ड्रायडन ड्रॉप टॉवरमध्ये नासाने शाळेच्या मुलांसाठी सेलेरे नावाचा उपक्रम चालवला: मुलांनी फक्त द्रव चढायच्या खाचेचं कॅड ड्रॉइंग (कॉम्प्युटरवर काढलेलं) पाठवायचं, कापणं-सोडणं-व्हिडिओ सगळं तिकडचे लोक करणार. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये स्टेशनवर प्लास्टिकच्या शीटची घडी घालून कॉफीचा कप बनवला तोही याच कोपऱ्याच्या तत्त्वावर, कॉफी कोपऱ्यातून ओठांपर्यंत आपली आपण येते.

कॉलेजवाल्यांनी पुढे जायचं म्हटलं तर आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांचा ड्रॉप टॉवर आहे. ब्रेमेनला साधा ड्रॉप ४.७४ सेकंद, आणि खालून कॅटापल्टने वर फेकून परत पडू दिलं तर ९.३. विमानाच्या पॅराबोलात, म्हणजे विमान कमानीसारखं वर जाऊन खाली येतं तेव्हा, वीस-बावीस सेकंद मिळतात, पण विमान थरथरतं त्यामुळे आपल्या नळीसारख्या नाजूक गोष्टीला टॉवरच बरा. अशा ठिकाणी लिहिताना प्रस्तावात आधी वरचं वेळेचं गणित टाका: अडीच सेमी त्रिज्येला ०.४७ सेकंद, म्हणजे अडीच सेकंदांत पाचपट वेळ मिळतो, म्हणून जिन्यात न जमलेली लोणच्याची बरणी तिथे जमते. सोबत तीन मीटरच्या ड्रॉपचा व्हिडिओ आणि फायफॉक्सचा ग्राफ जोडा. आणि प्रयोग आपटल्यावर गळत नाही याचा फोटोही, कारण त्यांच्या टॉवरमध्ये तुमचं रंगीत पाणी सांडलेलं कोणालाच नको असतं.